पैलवान आणि पाळणा

भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत हास्यरसाचीं कारणें सांगतांना विपरीत वेष आणि विपरीत अलंकार यांना अग्रस्थान दिलें आहे. ज्याच्या अंगावर जें शोभत नाहीं तें त्याच्या अंगावर दिसलें कीं प्रेक्षक हंसतो. अमेरिकन चित्रपटकारांनीं नाट्यशास्त्र वाचलें असण्याचा संभव थोडा. परंतु गेल्या पस्तीस वर्षांत त्यांनीं या सूत्राचा असा एक प्रयोग रूढ केला आहे कीं तो मुनींनाहि मान्य झाला असता. येथें वेष पालटावाच लागत नाहीं. नटाचें शरीर हाच वेष. एखादा मल्ल, मुष्टियोद्धा किंवा व्यायामानें अंग कमावलेला पुरुष घ्यावयाचा, त्याच्या हातांत दुधाची बाटली द्यावयाची, आणि ज्या दंडांनीं प्रतिस्पर्ध्याला डोक्यावर उचलून आपटलें तेच दंड दुपटें बदलतांना कसे थरथर कांपतात हें दाखवावयाचें. यावर दीड तासाचा चित्रपट निघतो, आणि तो चालतोहि.

सुटीच्या दिवसांत हे चित्रपट दूरचित्रवाणीवरून, आणि आतां मुलांच्या हातांतील चिमुकल्या पडद्यावरूनहि, आपल्या घरांत येतात. घरांतील वडील मंडळी त्या वेळीं बहुधा वर्तमानपत्राआड असतात. आम्ही मात्र नातवंडांच्या पंक्तीला बसून यांतले बरेचसे पाहिले, कांहीं दोनदां पाहिले. थट्टेच्या आवरणाखालीं त्यांत एक प्रश्न गंभीरपणें विचारलेला असतो असें आमचें मत झालें आहे. मूल सांभाळणें हें काम आहे कीं नाहीं, आणि असल्यास तें कोणाचें? एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आम्हां लोकांना हा प्रश्न पडतच नाहीं, कारण त्याचें उत्तर आमच्या आयांनीं आणि काकूंनीं न बोलतां देऊन ठेवलेलें असतें. म्हणूनच त्याचा विचार करणें इष्ट आहे.

या वर्गांतील सर्वांत गाजलेला चित्रपट म्हणजे १९९० सालचा 'किंडरगार्टन कॉप'. दिग्दर्शक आयव्हन राइटमन, नायक अर्नोल्ड श्वार्झनेगर. ऑस्ट्रियांतील थाल या खेड्यांत १९४७ सालीं जन्मलेला हा गृहस्थ शरीरसौष्ठवाच्या 'मिस्टर ऑलिंपिया' स्पर्धेंत सात वेळां पहिला आला, आणि पुढें २००३ पासून २०११ पर्यंत कॅलिफोर्निया राज्याचा गव्हर्नरहि होता. चित्रपटांत तो लॉस एंजेलिसच्या पोलिसांतला गुप्तहेर जॉन किंबल आहे. एका गुन्हेगाराची पत्नी आपल्या मुलाला घेऊन ओरेगॉन राज्यांतील ॲस्टोरिया या गांवीं दडून राहिली आहे. मुलगा तेथील शाळेच्या शिशुवर्गांत आहे, पण तीस पोरांतला तो कोणता हें पोलिसांस ठाऊक नाहीं. शिक्षिका म्हणून वर्गावर जावयाची ती किंबलच्या सोबतची स्त्री पोलीस. ती ऐन वेळीं पोटाच्या विकारानें अंथरूण धरते, आणि किंबलच्या गळ्यांत वर्ग पडतो.

पहिल्या दिवसाचा प्रसंग सर्वांना हंसवितो. ज्यानें आयुष्यभर खडू धरला त्याला हंसतां हंसतां घामहि फुटतो. किंबल वर्ग सोडून क्षणभर बाहेर जातो, परत येतो तों आंत प्रलय झालेला. तो ओरडतो. क्षणभर शांतता, आणि मग एकेक ओठ बाहेर येऊन सगळा वर्ग रडूं लागतो. हें अगदीं खरें आहे. आवाज चढविला कीं वर्ग गप्प बसतो ही नवशिक्या मास्तराची पहिली समजूत. पांच वर्षांचें मूल ओरडण्याला भितें, परंतु भिऊन गप्प बसत नाहीं. तें आईला हांक मारतें. एकानें हांक मारली कीं दुसऱ्याला आपली आई आठवते. किंबल शेवटीं मुंगसासारखा दिसणारा एक लहानसा पाळीव प्राणी वर्गांत आणतो आणि मुलें त्याच्याभोंवतीं गोळा होऊन निवतात. पुढें मात्र चित्रपटकारांनीं थोडी लबाडी केली आहे. किंबल शिटी गळ्यांत अडकवितो, पोलीस शाळेची कवायत सुरू करतो, आणि एका गाण्याच्या अवधींत वर्ग ताळ्यावर येतो. प्रत्यक्षांत जूनमध्यें बिघडलेला वर्ग दिवाळीपर्यंत ताळ्यावर आला तरी मास्तरानें देवाला नारळ द्यावा.

पण या चित्रपटाची खरी मौज शिटींत नाहीं. गुन्हेगाराचा मुलगा हुडकण्यासाठीं किंबल मुलांना एक खेळ खेळावयास लावतो: तुझे वडील कोण, आणि ते काय करतात? हेतु चौकशीचा, परंतु तीस घरें त्या उत्तरांतून उघडीं पडतात. कोणाचे वडील दूर राहतात, कोणाचे घरांत असून नसल्यासारखे. हाच प्रश्न, थोड्या निराळ्या शब्दांत, कोणताहि चांगला शिक्षक पहिल्या आठवड्यांत विचारतो. गुप्तहेर मुलांच्या तोंडाकडे लक्ष देऊन पाहूं लागतो तेथें तो नकळत शिक्षक होतो. एका मुलाच्या अंगावरचे वळ त्याला दिसतात. त्या मुलाच्या बापाला तो शाळेच्या दारांत ठोसा मारतो. हें शिक्षकास शोभण्यासारखें खचित नव्हे. परंतु मुख्याध्यापिका त्याला बोलावून घेते आणि रागें भरावयाचें सोडून, मारतांना कसें वाटलें म्हणून विचारते, तेव्हां शिक्षकी पेशांतल्या कोणाच्याहि मनांत गुदगुल्या झाल्यावांचून राहणार नाहींत. ही मुख्याध्यापिका झालेली लिंडा हंट म्हणजे किंबलच्या कोपरापाशीं येईल एवढीशी बाई. पूर्वीं एका चित्रपटांत पुरुषाची भूमिका करून तिनें ऑस्कर पारितोषिक मिळविलें होतें. अखेरीस किंबल पोलिसांतली नोकरी सोडून शाळेंतच राहतो. पगाराचें काय जमलें हें चित्रपट सांगत नाहीं.

'किंडरगार्टन' हा शब्द ज्यानें रूढ केला त्या जर्मन फ्रोबेलची येथें आठवण होते. आपल्या बालशाळेला हें नांव त्यानें १८४० सालीं दिलें. हाच फ्रोबेल १८१३ सालीं नेपोलियनविरुद्धच्या युद्धांत ल्युट्झोच्या स्वयंसेवक पथकांत शिपाई होता, आणि तो नऊ महिन्यांचा असतांना त्याची आई वारली होती. सैनिक, पोरकेपण आणि बालवर्ग हीं तिन्ही एका मनुष्यांत पूर्वींच एकत्र आलीं होतीं. चित्रपटकारांनीं त्यांत फक्त दंड घातले.

पडद्यावरहि ही कल्पना १९९० सालीं प्रथम उगवली असें नाहीं. व्हिक्टर मॅक्लॅग्लेन हा इंग्रज मुष्टियोद्धा १९०९ सालीं व्हँकूव्हर येथें जगज्जेत्या जॅक जॉन्सनसमोर सहा फेऱ्या उभा राहिला होता. पुढें तो नट झाला आणि १९३५ सालच्या 'द इन्फॉर्मर'साठीं त्याला ऑस्कर मिळालें. १९३७ सालीं जॉन फोर्डनें किप्लिंगच्या कथेवरून 'वी विली विंकी' काढला, त्यांत हा राकट गडी सार्जंट होऊन शर्ली टेम्पल या चिमुरड्या नटीला गणवेष चढवितो आणि कवायत शिकवितो. कथा आपल्या वायव्य सरहद्दीवरच्या लष्करी ठाण्याची. मूळ कथेंतल्या मुलाची पडद्यावर मुलगी झाली, आणि सरहद्द उभारली कॅलिफोर्नियांत. तेथले पठाणहि तितपतच अस्सल. परंतु ठोसे खाऊन सपाट झालेला तो चेहरा पोरीपुढें वाकतो तेव्हां पठाण विसरले जातात.

याहून आमचा आवडता म्हणजे इटलींतील बड स्पेन्सर. खरें नांव कार्लो पेडेर्सोली. १९५० सालीं शंभर मीटरचें अंतर एका मिनिटाच्या आंत पोहून जाणारा तो पहिला इटालियन; १९५२ सालीं हेलसिंकीच्या आणि १९५६ सालीं मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्यें तो पाण्यांत उतरला होता. नट झाल्यावर दाढी वाढली, पोट वाढलें आणि कीर्तिहि वाढली. १९७९ सालच्या एका चित्रपटांत तो अमेरिकेंतील एका गांवचा पोलीस अंमलदार आहे आणि परग्रहावरून आलेला एक लहान मुलगा त्याच्या पाठीशीं लागतो. स्पेन्सर मारतो तो वरून खालीं, डोक्यावर, घण घालावा तसा. रक्ताचा थेंब निघत नाहीं. मुलाला कुरवाळणें, लाडे लाडे बोलणें, यांतलें कांहीं तो करीत नाहीं. तो कुरकुरतो आणि मुलाला सोबत नेतो. कित्येक घरांतले थोरले काका याच जातीचे असतात. २०१६ सालीं तो वारला.

आतां या चित्रपटांतील एका गोष्टीकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे, कारण हंसण्याच्या भरांत ती सुटते. यांतल्या जवळजवळ प्रत्येक घरांत एक जागा रिकामी आहे. १९९३ सालच्या 'मिस्टर नॅनी'मध्यें मुलांची आई वारलेली. २००५ सालच्या 'द पॅसिफायर'मध्यें पांच भावंडांच्या बापाचा खून झालेला. २०१९ सालच्या 'प्लेइंग विथ फायर'मध्यें वणवा विझविणाऱ्यांच्या ठाण्यांत येऊन पडलेलीं तीन भावंडें पूर्ण पोरकीं, आणि सरकारी व्यवस्था आपल्याला एकमेकांपासून तोडील या भीतीनें पळालेलीं. २०२० सालच्या 'माय स्पाय'मधली नऊ वर्षांची सोफीहि पितृहीन. म्हणजे विनोदाची ही सारी इमारत एका मृत्यूवर उभी असते. पैलवान येतो तो त्या रिकाम्या जागीं, आणि मुलें त्याचा छळ करतात तोहि त्या जागेच्या रक्षणासाठीं. बाप मेला म्हणून बापाच्या खुर्चींत कोणी आडदांड परका येऊन बसावा हें कोणत्या पोराला रुचेल?

आपल्याकडे अशी जागा रिकामी झाली तर ती भरावयास मनुष्य बाहेरून आणावा लागत नसे. आत्या येई, काकू पदर खोंची, आजोबा पाटी घेऊन बसत. जेथें काकू नाहीं तेथें मल्ल आणावा लागतो, असें कोणी थट्टेनें म्हणेल. पण थट्टा बेतानें करावी. आतां पुण्यामुंबईच्या सदनिकांतहि काकू राहिलेली नाहीं; पाळणाघर आहे.

'मिस्टर नॅनी'वर फार शाई खर्चण्याचें कारण नाहीं. हल्क होगन हा कुस्तीच्या रिंगणांतला बादशहा, २०२५ सालीं निवर्तला. त्याला नर्तकीचा गुलाबी घागरा नेसविला आणि मुलांकडून त्याच्यावर सापळे टाकविले, कीं विनोद झाला अशी त्या मंडळींची समजूत. घागरा म्हणजे भरतमुनींचा विपरीत वेष खरा; परंतु वेषामागें मनुष्य नसेल तर प्रेक्षक एकदां हंसतो आणि मग घड्याळ पाहतो. चित्रपट पडला.

'द पॅसिफायर' याहून कितीतरी वरचा. नायक व्हिन डिझेल हा खेळाडू नव्हे, पण बांध्यानें कोणत्याहि खेळाडूच्या तोडीचा. तो आरमारी कमांडो आहे. मुलांना नांवांऐवजीं सांकेतिक क्रमांकांनीं हांक मारतो आणि त्यांच्या मनगटांवर ठावठिकाणा सांगणारीं यंत्रें बांधतो. धाकटा पीटर मात्र रात्रीं झोंपत नाहीं. त्याच्या मृत वडिलांनीं रचलेलें एक 'पांडा'चें गाणें आणि नाच आहे. तो करून दाखविल्याशिवाय त्याचा डोळा लागत नाहीं. कमांडो दांत-ओठ खात तो नाच शिकतो. आणि शेवटीं असें निघतें कीं ज्या गुप्त तळघरासाठीं खून पडला त्याच्या सापळ्यांतून वांचून आंत जाण्याच्या पावलांचा क्रम त्या नाचांतच आहे. बापानें आपलें सर्वांत मोठें रहस्य अंगाईंत ठेवलें होतें, आणि तें मिळालें पोराला झोंपविण्याचे कष्ट घेणाऱ्याला. ज्या कोणा लेखकाला हें सुचलें त्याला आमचा नमस्कार.

मात्र याच चित्रपटांत या साऱ्या जातीचा मोठा दोषहि दिसतो. शेवटच्या अर्ध्या घटकेंत कोठून तरी खलपुरुष येतो आणि नायकाला पुन्हां हाणामारी करण्याची मुभा मिळते. 'किंडरगार्टन कॉप'मध्यें तेंच, 'मिस्टर नॅनी'त तेंच, जॅकी चॅनच्या २०१० सालच्या 'द स्पाय नेक्स्ट डोअर'मध्यें तेंच. तासभर आम्हांला दाखविलें कीं मुलापुढें बळ निरुपयोगी आहे, आणि शेवटीं सांगितलें कीं नाहीं, बळच कामास आलें. ज्या ताकदीची थट्टा केली तिचीच आरती! लेखकांचा आपल्याच कल्पनेवर विश्वास नसावा असें वाटतें.

या दोषापासून दूर राहिलेला चित्रपट म्हणजे २००७ सालचा 'द गेम प्लॅन'. नायक ड्वेन जॉन्सन. याचे आजे पीटर मायव्हिया आणि वडील रॉकी जॉन्सन दोघेहि कुस्तीगीर. तो स्वतः मायामी विद्यापीठाच्या १९९१ सालच्या विजेत्या अमेरिकन फुटबॉल संघांत होता, १९९५ सालीं कॅनडांतील एका व्यावसायिक संघानें त्याला काढून टाकलें आणि मग तो वडिलांच्या धंद्याकडे वळला. चित्रपटांत तो बॉस्टनचा नामांकित फुटबॉलपटु जो किंगमन आहे: एकटा, ऐश्वर्यवान, आरशाचा मित्र. एके दिवशीं दारांत आठ वर्षांची मुलगी उभी. मी तुमची मुलगी, ती सांगते. वेगळी झालेली पत्नी त्या वेळीं गरोदर होती हें त्याला ठाऊकच नव्हतें. मुलगी त्याच्या चेंडूवर चमचमते खडे चिकटविते, त्याला नृत्यशाळेंत नेते, आणि तेथें त्यालाहि नाचावें लागतें. या चित्रपटांत बंदूक नाहीं. संकट येतें तें फार साधें: स्वतःच्या समारंभाच्या धुंदींत तो मुलीला तेथेंच विसरून घरीं जातो. आमच्या मतें हा प्रसंग दहा खलपुरुषांहून भयंकर आहे. आणि आई परदेशीं गेली आहे असें सांगणारी ही पोर आईच्या मृत्यूनंतर कोणाला न कळवितां बापाला पाहावयास आली होती, हें कळल्यावर प्रेक्षागृहांतलें हंसू घशांत अडकतें.

संस्कृत जाणणाऱ्या वाचकाला येथें शाकुंतलाचा सातवा अंक आठवेल. तेथेंहि पराक्रमी पुरुष एका अनोळखी मुलासमोर येऊन थबकतो. मूल सिंहाच्या छाव्याला ओढून त्याचे दांत मोजूं पाहतें, तापसी हैराण झालेल्या, आणि दुष्यंताला आंतून कांहींतरी ओढतें. हा आपलाच पुत्र हें त्याला ठाऊक नाहीं. विश्वनाथानें साहित्यदर्पणांत नऊ रसांपुढें वत्सल हा दहावा रस मानला, तो अशाच प्रसंगांच्या जोरावर टिकतो. परंतु कालिदासाचा राजा आणि बॉस्टनचा खेळाडू या दोघांविषयीं एक शंका आम्ही कित्येक वर्षें मनांत बाळगून आहों. दोघांनाहि मूल मिळालें तें वाढलेलें मिळालें. रात्रींचीं जागरणें, दांत येतांनाचा ताप, पहिल्या पावलांचें पडणें, हें सारें शकुंतलेनें आणि त्या अमेरिकन बाईनें उरकून ठेवलें होतें. एकीला स्वर्गाच्या वाटेवरच्या आश्रमांत, दुसरीला मोटारीच्या अपघातांत मरण येण्यापूर्वीं. पुरुष आला तो गोड भागाला.

या चित्रपटांवर आमच्या घरांतील स्त्रियांचा आक्षेप नेमका हाच आहे आणि तो आम्हांला खोडतां येत नाहीं. पुरुषानें दोन दुपटीं बदललीं कीं पडद्यावर वाद्यें वाजूं लागतात. बायका जन्मभर तेंच करतात तेव्हां वाद्यें कोठें असतात? एकत्र कुटुंबाचा आम्ही कितीहि गौरव केला तरी तेथेंहि मुलें सांभाळलीं तीं बायकांनींच. पुरुषांनीं तीं निजलेलीं असतांना कौतुकानें पाहिलीं. २०१६ सालच्या 'दंगल'मध्यें तर आपल्या मातीच्या पैलवान बापानें मुलींनाच आखाड्यांत उतरविलें: तेथें मुलांमुळें मल्ल मऊ होत नाहीं, मल्लामुळें मुली कणखर होतात. तोहि एक मार्ग. पण पाळण्याची दोरी तेथेंहि आईच्याच हातीं.

तरी पुरुषाला हें काम येतच नाहीं असें मात्र नाहीं, आणि त्याचा दाखला शोधण्यास हॉलिवुडला जावयास नको. भावनगरचे गिजुभाई बधेका वकिली सोडून मुलांत जाऊन बसले. १९२० सालीं त्यांनीं दक्षिणामूर्ति संस्थेंत बालमंदिर उघडलें. गुजरातेंतील लोक त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशावाली आई, म्हणत. आपल्या ताराबाई मोडक भावनगरास त्यांच्याच सोबत काम करीत होत्या, आणि पुढें बोर्डी व कोसबाड येथें त्यांनीं जें केलें त्यावर आपल्या बालवाड्या उभ्या आहेत. गिजुभाईंना त्यासाठीं दंड फुगवावे लागले नाहींत, आणि मिशी उतरवावीहि लागली नाहीं. लोकांनीं दिलेल्या त्या नांवांत थट्टा अगदीं थोडी होती.

मुलांना कोणता दाखवावा असें कोणी विचारील. 'किंडरगार्टन कॉप' नांवाला भुलून लहानांपुढें लावूं नये. त्यांत गोळीबार आहे, आणि अमेरिकेंतहि तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांना सावध करणारी सूचना त्यावर आहे. 'द गेम प्लॅन' घरांतल्या सर्वांनीं मिळून पाहावा. जॉन्सनचाच २०१० सालचा 'टूथ फेअरी' लहानांना आवडतो. पडलेला दांत उशाखालीं ठेवला तर परी तो नेऊन पैसे ठेवते अशी तिकडची समजूत आहे, आणि ती खोटी म्हणून एका लहान मुलीला सांगणाऱ्या दांडगट हॉकीपटूला शिक्षा म्हणून स्वतःच पंख लावून परी व्हावें लागतें. आपल्याकडे दांत छपरावर फेकतात हें आधीं नातवंडांना सांगावें, म्हणजे गोष्ट कळते. त्यांत पऱ्यांची अधिकारी ज्यूली ॲण्ड्रूज आहे. १९६५ सालच्या 'साउंड ऑफ म्यूझिक'मध्यें शिटी वाजवून मुलांना रांगेंत उभें करणाऱ्या कप्तानाच्या घरीं शिक्षिका म्हणून गेली होती तीच.

'माय स्पाय'चा दुसरा भाग २०२४ सालीं आला. डेव्ह बॉटिस्टाचा तो धिप्पाड हेर आतां सोफी आणि तिची आई यांच्या घरीं राहतो. सोफी मोठी झाली आहे. शाळेचें गायनपथक इटलीला निघतें आणि पालक म्हणून तो सोबत जातो. ती मैत्रिणींसमोर त्याच्याकडे पाहतहि नाहीं, आणि त्या अवाढव्य देहाला कोठें उभें राहावें तें कळत नाहीं.